इतर हक्कात सलाबतखान

नगर शहरात बिऱ्हाड करून राहणाऱ्या गृहस्थाच्या वाट्याला जी कर्तव्ये येतात, त्यांत नळाच्या वेळा सांभाळणे हे पहिले आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना चांदबिबीचा महाल दाखवून आणणे हे दुसरे. पैकी पहिल्या कर्तव्यात अधूनमधून खंड पडतो, दुसऱ्यात कधीही पडत नाही. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून निघाली ती नगरला आली, ही गोष्ट नगरकर मोठ्या अभिमानाने सांगतात; त्या गाडीतून उतरलेला पहिला पाहुणा कोणाच्या घरी गेला, हे मात्र कोणी सांगत नाही. परंतु तो ज्याच्या घरी गेला असेल त्याला, हातपाय धुऊन चहाचा पहिला घोट घेतल्याबरोबर, "मग, चांदबिबी कधी?" असा प्रश्न त्याने विचारला असणार, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही.

पाथर्डीच्या रस्त्याने भिंगार मागे टाकून शहरापासून सुमारे १३ किलोमीटर गेले की एका डोंगराच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फुटांवर, सत्तरएक फूट उंचीची एक तीन मजली अष्टकोनी दगडी वास्तू उभी आहे. आसपास तिच्या बरोबरीचे दुसरे काहीच उंच नसल्यामुळे ती कोसांवरून दिसते. आणि ज्या अर्थी ती इतक्या लांबून इतकी स्वच्छ दिसते त्या अर्थी ती जवळ जाऊन पाहिलीच पाहिजे, असा एक विलक्षण न्याय पर्यटकांच्या शास्त्रात रूढ आहे. सारा जिल्हा या वास्तूला चांदबिबीचा महाल म्हणतो. वस्तुतः हा महाल नव्हे, कबर आहे. आणि ती चांदबिबीची नव्हे, मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची आहे. चुका दोनच झाल्या हे खरे, पण नावात शब्दही दोनच आहेत.

मनुष्याला एखाद्या विषयाचे अगाध ज्ञान असेल तर तो ते झाकून ठेवू शकतो. थोडेसेच असेल तर ते झाकून ठेवणे मानवी शक्तीच्या पलीकडचे होते. सलाबतखानाविषयीचे माझे ज्ञान या दुसऱ्या प्रतीचे असल्यामुळे, पाहुण्यांच्या कानी ते घातल्यावाचून माझ्या जिवाला स्वस्थता लाभत नाही, आणि आजवर एकाही पाहुण्याने ते ऐकून घेतलेले नाही. एकाने तर, मी भर दुपारी त्या डोंगरावर अर्धा तास केलेले विवेचन शांत चित्ताने ऐकल्यावर, "ते सगळं ठीक आहे, पण चांदबिबी झोपायची कोणत्या मजल्यावर?" असे विचारले होते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पत्नीच्या मावशी आमच्याकडे आल्या. त्यांच्याबरोबर त्यांचे यजमान अण्णा, जे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले असले तरी महसूल खाते ज्यांच्यातून अद्याप निवृत्त झालेले नाही, आणि त्यांचा दहा-अकरा वर्षांचा नातू. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रस्थान ठेवण्याचे ठरले. सकाळ याचा अर्थ स्त्रियांच्या मते साडेदहा, अण्णांच्या मते कचेरीची वेळ आणि नातवाच्या मते तो उठेल तेव्हा असा निरनिराळा असल्यामुळे, तीन प्रवाशांची परवानगी असलेल्या रिक्षात आम्ही पाच जण, एक पाण्याची कळशी, दोन डबे आणि मावशींची छत्री असा लवाजमा स्थानापन्न झाला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

"चांदबिबीला ना?" रिक्षावाल्याने विचारले.

"सलाबतखानाच्या कबरीला," मी म्हणालो.

त्याने मान मागे वळवून माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि मग, घरात शहाणे माणूस कोण असा अंदाज घेत, माझ्या पत्नीकडे पाहिले.

"चांदबिबीला," पत्नी म्हणाली. रिक्षा सुरू झाली.

भिंगार येईपर्यंत मी धीर धरला. तिथून पुढे रस्ता मोकळा झाल्यावर मी सलाबतखानाच्या चरित्रास आरंभ केला. मुर्तजा निजामशहाला लोकांनी 'दिवाणा' ही पदवी का बहाल केली, याची हकीकत फेरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे, आणि हा फेरिश्ता त्या काळी नगरच्याच दरबारात चाकरीला असल्यामुळे ती घरच्या माणसाची साक्ष समजायला हरकत नाही. बादशहाची मर्जी एका नर्तकीवर बसली आणि विजयनगरच्या रामरायाच्या लुटीतून आलेले मौल्यवान कंठे तिला देऊन टाकण्याचा त्याने हुकूम सोडला. सलाबतखानाने खजिन्याच्या काळजीपोटी त्याऐवजी कमी किमतीचे कंठे पाठवले. बादशहाला ते समजले तेव्हा त्याने सारे जवाहीर पुढ्यात मांडायला सांगितले. सलाबतखानाने त्यांतले उत्तम तेवढे वगळून बाकीचे मांडले. तेव्हा बादशहाने जे समोर होते ते सर्व गोळा करवून त्याला आग लावून दिली.

"अगं बाई!" मावशी कळवळून म्हणाल्या. मला धन्य वाटले. श्रोत्याच्या हृदयाला जाऊन भिडणे म्हणजे काय, याचा तो अनुभव होता.

"काय झालं, मावशी?"

"शेंगदाण्याची चटणी ओट्यावरच राहिली की गं!" मावशी माझ्या पत्नीला म्हणाल्या.

अण्णा मात्र ऐकत होते. पुढे बादशहाने सलाबतखानाला कैद करण्याचे मनात आणले, तेव्हा हाताशी फौज असूनही त्याने प्रतिकार केला नाही. उलट कोणत्या किल्ल्यावर जायचे तेवढे सांगावे असे विचारून, दंडाराजपुरीचे नाव निघताच बेड्या आपल्याच पायांत अडकवून घेतल्या आणि पालखीत बसून तो चालता झाला, असे फेरिश्ता लिहितो. हे ऐकताच अण्णांनी मांडीवर थाप मारली.

"बरोबर केलं. बदलीचा हुकूम आला की रुजू व्हावंच लागतं. पण दंडाराजपुरी म्हणजे खाली कोकणात. चार्ज कोणाला दिला?"

डोंगराच्या पायथ्याशी आल्यावर रिक्षाने चढाला एकदा वंदन केले आणि ती थांबली. माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे, ही गोष्ट खरी. परंतु रस्ता जाणे आणि रिक्षा जाणे या दोन भिन्न घटना आहेत. रिक्षावाल्याने "दोघं-तिघं उतरा" अशी सर्वसाधारण सूचना केली. तीवर अण्णांनी माझ्याकडे, मी नातवाकडे आणि नातवाने अण्णांकडे पाहिले. मावशींच्या उतरण्याचा प्रश्न कोणी उपस्थितच केला नाही. त्या एकदा ज्या आसनावर बसतात ते गंतव्य स्थान आल्यावाचून सोडत नाहीत, हा त्यांचा बाणा कुटुंबात सर्वश्रुत आहे. परिणामी मावशी, कळशी आणि डबे रिक्षात, आणि आम्ही तीन पिढ्यांचे पुरुष रिक्षाच्या मागे, अशी ती स्वारी सलाबतखानाच्या दर्शनास निघाली. वाटेत मोटारसायकलवरून जाणाऱ्या दोन तरुणांनी थांबून मोठ्या आस्थेने चौकशी केली, आमचे छायाचित्र काढले आणि ते पुढे निघून गेले.

माथ्यावरचा वारा हा एक स्वतंत्र विषय आहे. खाली नगरात झाडाचे पान हलत नसते तेव्हा वर तो मनुष्याच्या अंगावरील वस्त्रांची झडती घेत असतो. माथ्यावर पाऊल ठेवताक्षणी अण्णांची टोपी उडाली, ती ओट्याच्या कडेला एका झुडपात अडकली आणि ती काढण्यासाठी मला पोटावर पालथे पडावे लागले. मावशींनी छत्री उघडली. छत्रीने पुढचा निर्णय स्वतः घेतला आणि ती आतून बाहेर झाली. कळशी तेवढी जागेवर राहिली.

प्रवेशद्वारापाशी एक गृहस्थ बसले होते. अशा प्रत्येक स्थळी एक स्वयंनियुक्त माहितगार असतो. त्याला कोणी नेमलेले नसते, त्यामुळे त्याला कोणी काढूही शकत नाही. त्यांनी विचारण्यापूर्वीच माहिती देण्यास प्रारंभ केला.

"इथून थेट किल्ल्यापर्यंत भुयार आहे. घोडेस्वार भाल्यासकट जायचा."

भुयार नसलेल्या जुन्या इमारतीला महाराष्ट्रात मान्यता मिळत नाही, हे मला ठाऊक असल्यामुळे मी पुढे सरकलो. पण अण्णांमधला कर्मचारी जागा झाला.

"मग आता कुठं आहे?"

"बंद केलं. एक वऱ्हाड आत गेलं ते बाहेर आलंच नाही."

"किती माणसं होती?"

"वऱ्हाड म्हटल्यावर, असतील की पन्नास-साठ."

"पंचनामा झाला का?"

माहितगार गप्प झाले. चारशे वर्षांत हा प्रश्न त्यांना किंवा त्यांच्या पूर्वजांना कोणी विचारला नसावा.

आत शिरले की अष्टकोनी दालनाच्या प्रशस्त कमानी मान वर करून पाहाव्यात अशा आहेत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेले हे काम इतके रेखीव आणि निराडंबर आहे, की नक्षीच्या मोहात न पडता केवळ दगड आणि प्रमाण यांच्या बळावर एवढा दिमाख साधणारा तो अनामिक गवंडी मला नेहमी सलाबतखानाइतकाच पूजनीय वाटतो. मात्र हे सौंदर्य न्याहाळत असताना हाताच्या उंचीपर्यंतच्या भिंतीकडे पाहू नये. तेथे कोळशाने, खडूने, खिळ्याने आणि काही ठिकाणी अत्यंत चिकाटीने छिन्नीसदृश हत्याराने असंख्य नरनारींनी आपली नावे, गावे आणि बाणाने विंधलेली हृदये कोरून ठेवली आहेत. ज्या वास्तूवर प्रत्यक्ष मालकाचे नाव टिकले नाही, तिथे आपले टिकेल असा विश्वास बाळगणाऱ्यांच्या आशावादाला माझा दंडवत आहे.

"चांदबिबीचं चित्र होतं बघा आमच्या लहानपणी," मावशी म्हणाल्या. "घोड्यावर बसलेली, हातावर ससाणा. तो ससाणा इथं कुठं बसायचा?"

मी सांगू लागलो, की मावशी, चांदबिबी ही हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची राणी. १५९५ साली अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला तेव्हा तिने लढवला तो खाली नगरचा भुईकोट, आणि १६०० साली तिची हत्या झाली तीही त्याच किल्ल्यात, तिच्याच माणसांच्या हातून. या डोंगराशी तिचा संबंध नाही, इथे तळघरात सलाबतखान—

"तळघर? नको बाई. वरच जाऊ. ती वरच राहत असणार."

वर जाण्याचा जिना भिंतीच्या जाडीत काढलेला आहे. तो अरुंद आहे, काळोखा आहे आणि त्याच्या पायऱ्या ज्या काळातल्या मनुष्याच्या मापाने घडवल्या त्या काळात मनुष्य दुपारी भात खात नसावा. मी सर्वांत पुढे होतो. दहाबारा पायऱ्या चढलो असेन, तोच वरून माझ्याच देहयष्टीचे एक गृहस्थ उतरत असल्याचे, प्रथम आवाजाने, मग वासाने आणि शेवटी प्रत्यक्ष आघाताने मला कळले. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी असा नियम आहे. जिन्यात नियम नाही, सौजन्य आहे, आणि सौजन्याने जगात जेवढी वाहतूक अडली आहे तेवढी दरडी कोसळूनही अडली नसेल.

"या, या, आपण या आधी," गृहस्थ म्हणाले.

"छे, छे, आपण उतरा आधी," मी म्हणालो.

दोघांनीही एकदमच दुसऱ्याची आज्ञा मानली आणि आम्ही एकमेकांत पाचरीसारखे बसलो. आता पुढे जाणेही नाही आणि मागे येणेही नाही. अशा प्रसंगी दोन मराठी माणसे जे करतात ते आम्ही केले.

"आपण मूळचे कुठले?" त्यांनी अंधारातून विचारले.

"मूळचे संगमनेरकडचे. आपण?"

"श्रीगोंदा."

"श्रीगोंद्याला आमच्या आत्याचं सासर."

"असं? कोणत्या आळीत?"

मी आळी सांगितली. त्यांनी वाड्याची खूण विचारली. मी खूण सांगितली. त्यांच्या श्वासोच्छ्वासावरून त्यांना अत्यंत आनंद झाल्याचे मला समजले, कारण तो माझ्याच पोटाला जाणवत होता.

"अहो, काय झालं?" खालून पत्नीचा आवाज आला.

"सोयरिक निघाली," मी म्हणालो.

एव्हाना खाली मावशींच्या मागे एक अख्खे कुटुंब आणि वर त्या गृहस्थांच्या मागे शाळेची एक सहल येऊन तुंबली होती. सहलीतले शिक्षक वेळ वाया जाऊ नये म्हणून अंधारातच मुलांना शिकवत होते. "मुलांनो, याच जिन्यावरून चांदबिबी घोडा दौडवत वर जात असे." ज्या जिन्यातून आम्ही दोन निःशस्त्र पेन्शनीत निघणारे गृहस्थ पार होऊ शकत नव्हतो, तिथून घोडा दौडत जात असल्याचे ऐकून आम्ही दोघेही एकदमच हसलो, त्या हसण्याने पोटे आत गेली, वाट झाली आणि ते खाली, मी वर, असा निकाल लागला. त्यांनी जाता जाता पत्ता घेतला. पुढच्या महिन्यात ते सहकुटुंब आमच्याकडे यायचे आहेत.

वरच्या मजल्यावरून जो मुलूख दिसतो तो पाहण्यासारखा आहे, आणि म्हणूनच कोणी तो पाहत नाही. प्रत्येक जण त्यात आपले घर शोधत असतो. मावशींचे घर साताऱ्याला असल्यामुळे त्यांनी आमचे शोधण्याचा आग्रह धरला. मी धुरकट क्षितिजाकडे बोट केले. "दिसलं," मावशी म्हणाल्या, "गच्चीवर चादर वाळते आहे." मग नातवाने, मघाच्या माहितगारांनी पुरवलेल्या माहितीवरून, असे जाहीर केले की ही इमारत सात मजली व्हायची होती, तशी झाली असती तर येथून दौलताबादचा किल्ला दिसला असता.

आता दौलताबाद नगरपासून रस्त्याने शंभर किलोमीटरच्या वर आहे. पण अण्णांनी डोळ्यांवर हात धरला, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला आणि म्हणाले, "दिसतो की. तीन मजल्यांवरूनच दिसतो."

"कुठं?" शेजारच्या कुटुंबातल्या बाईंनी विचारले.

"ते काय, निळसर. शेंडा बघा."

"हो हो," बाई म्हणाल्या, "मिनारसुद्धा दिसतो." पाहता पाहता सज्ज्यातल्या समस्त मंडळींना दौलताबाद दिसू लागले, शिक्षकांनी मुलांकडून त्याची वहीत नोंद करवून घेतली, आणि मला एकट्यालाच ते दिसत नाही असे कळल्यावर मावशींनी डोळ्यांत खोबरेल घालण्याचा सल्ला दिला.

जेवायला आम्ही ओट्यावर भिंतीच्या आडोशाला बसलो. मावशींनी डबा उघडताच वाऱ्याने वरच्या दोन पोळ्या उचलल्या. तिसरीवर हात ठेवून मी शेवटचा यत्न केला. भातोडीचा तलाव बांधला तो या सलाबतखानाने, पुढे १६२४ साली मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही अशा जोडफौजेला धूळ चारली ती त्याच भातोडीला, त्या लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी पडले. पाणी, बागा, कारभार, सगळे ज्याने पाहिले तो माणूस १५८९ साली वारला आणि आपण बसलो आहोत तो त्याच्या उशाशी, हे सारे मी एका दमात सांगितले, कारण वाऱ्यामुळे दुसरा दम घेता येत नव्हता.

"मग त्याचं नाव का नाही लोकांच्या तोंडी?" पत्नीने विचारले. इतक्या वर्षांत घरातून आलेला हा पहिला प्रश्न. मी उत्तर देणार, तोच अण्णांनी हात वर केला. महसुली कज्जा उभा राहिल्यावर त्यांच्या उपस्थितीत दुसऱ्याने बोलण्याची प्रथा नाही.

"बांधकाम कोणाचं?"

"सलाबतखानाचं," मी म्हणालो.

"वहिवाट कोणाच्या नावाची?"

"चांदबिबीच्या."

"सलाबतखानाने कधी हरकत घेतली?"

"तो कबरीत आहे, अण्णा."

"ते मी विचारलं नाही. लेखी हरकत आहे का?"

"नाही."

"मग संपलं," अण्णा लोणच्याची फोड बोटाने निपटत म्हणाले. "खासगी मिळकतीला मुदत बारा वर्षं, सरकारची असली तर तीस. इथं चारशे वर्षं राजरोस, उघड आणि अखंड वहिवाट आहे. फेरफार मंजूर करण्यावाचून गत्यंतर नाही. सातबारावर कब्जेदार सदरी चांदबिबी." इथे ते क्षणभर थांबले. माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. "तुमच्या माणसाचं नाव इतर हक्कात लावू. राहण्याचा हक्क, तळघरापुरता."

या निकालावर अपील कोणाकडे करायचे ते मला आजतागायत सापडलेले नाही. मावशींनी सर्वांना दहीभात वाढला, नातवाने भिंतीवर नाव लिहिण्यासाठी कोळसा शोधायला सुरुवात केली, तो मी त्याच्या हातून काढून घेतला, आणि उतार असल्यामुळे परतताना रिक्षा ढकलावी लागली नाही. ती सर्व वळणांवर धरून ठेवावी लागली.

तेव्हा या उन्हाळ्यात नगरला येऊ घातलेल्या समस्त आप्तेष्टांस, श्रीगोंद्याच्या नव्या सोयऱ्यांसह, नम्र विनंती, की महाल अवश्य पाहावा, सकाळी लवकर निघावे, पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे, टोपी आणि छत्री आमच्या घरी ठेवून जावी, आणि रस्ता विचारताना चांदबिबीचेच नाव घ्यावे. दुसरे नाव घेतल्यास कोणी सांगणार नाही. मला मात्र सोबत न्यायचे असेल तर फराहबागेला न्यावे. ती १५८३ साली याच सलाबतखानाच्या कारभारात पुरी झाली आणि भिंगारजवळ सपाट जमिनीवर आहे. तिथे यायला मी केव्हाही तयार आहे.